सरपणाची सोय आधी हवी

महोदय,

निर्वासितांच्या छावण्यांमुळे स्थानिकांचे रान आणि पाणी संपते, असे मांडणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. स्थानिकांची तक्रार खरी असली, तरी निर्वासितांवर ठेवलेला दोष पटला नाही. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले, तेव्हा त्यांना तांदूळ-डाळ मिळाली, पण ती शिजवायला इंधन नव्हते. साहजिकच उखिया आणि टेकनाफच्या डोंगरांवरची झाडे तुटली, मागाहून मुळेही खणून काढली गेली, आणि त्याच रानातल्या सरपणावर चूल पेटवणारे गावकरी संतापले. २०१८ पासून छावण्यांत, तसेच आसपासच्या काही स्थानिक कुटुंबांनाही, गॅस सिलिंडर देण्यात आले आणि सरपणाची मागणी बरीच घटली. गावकऱ्यांना वगळले असते, तर तंटा चिघळलाच असता. गोव्यातल्या साळावली धरणासाठी कुर्डी गावाहून उठवून वाडे-वालकिणीत वसवलेल्यांच्या (ते निर्वासित नव्हेत, विस्थापित, हे मान्य) पाण्याच्या तक्रारी ऐकलेल्या गोमंतकीयांना, आधी सोय न करता माणसे वसवली की तक्रारी उठतात, हे नवे नाही. छावणीच्या अंदाजपत्रकात यजमान गावांच्या इंधन-पाण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून असावी, एवढेच मला त्या लेखाच्या लेखकाला सुचवावेसे वाटते.

— एक वाचक, सांगे