मिळकतकराच्या बिलासोबत दुरुस्तीच्या नियमांचे एक पान द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीचा मी सचिव आहे. चार मजली इमारत, १९८९ ची. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या बेडरूममध्ये सलग चार पावसाळे पाणी गळत होते. पलंग भिंतीपासून सरकवायचा, खाली बादली ठेवायची आणि रात्री दोनदा उठून ती रिकामी करायची, हे त्यांचे जून ते सप्टेंबर. समितीने त्यांना सांगितले, 'गच्ची तुमच्या डोक्यावरची आहे, वॉटरप्रूफिंग तुम्हीच करून घ्या.' तेव्हा मीही समितीत होतो आणि मीही तेच म्हणालो. काकूंनी पेन्शनमधून चाळीस हजार रुपये घातले.

मागच्या वर्षी त्याच खोलीत स्लॅबचा गिलावा पडला. परातीएवढा तुकडा, आत गंजून फुगलेली सळई उघडी. तेव्हा कुठे आम्ही सोसायटीच्या उपविधींचे, म्हणजे कारभाराच्या नियमांचे पुस्तक कपाटातून काढले. त्यात स्वच्छ लिहिले आहे की गच्ची, पॅरापेट (गच्चीचा कठडा), बाहेरच्या भिंती, जिना, पाण्याच्या टाक्या, सामाईक ड्रेनेज लाइन आणि सीमाभिंत यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. पावसाचे पाणी गच्चीतून झिरपून वरच्या मजल्यावरील छताचा गिलावा खराब झाला, तर तोही सोसायटीच्या खर्चाने. सभासदाकडे येते ती त्याच्या घरातल्या संडास, बाथरूम आणि सिंकमधून होणारी गळती. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून काकूंचे पैसे परत केले. पण चार वर्षे त्यांना जो मनस्ताप झाला, त्याची खंत मला आजही आहे. पुस्तकातला तो परिच्छेद वाचायला दहा मिनिटे लागली असती.

स्ट्रक्चरल ऑडिटबाबतही, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीबाबतही हेच झाले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६५-अ नुसार इमारत वापरात येऊन ३० वर्षे झाली की महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तिची तपासणी करून घ्यावी लागते, आणि पुढे दर १० वर्षांनी पुन्हा. सोसायट्यांचे उपविधी याहून कडक आहेत. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी. म्हणजे आमच्या इमारतीला २०१९ मध्येच ३० वर्षे झाली होती, आणि उपविधींप्रमाणे त्याआधीही ऑडिट व्हायला हवे होते. एकदाही झाले नव्हते. कोणी मुद्दाम टाळले नाही, कोणाला माहीतच नव्हते. आसपासच्या सोसायट्यांत विचारले तर बहुतेकांचे उत्तर तेच.

पैशाचा हिशेब तर फारच थोड्यांना ठाऊक असतो. दुरुस्ती निधी वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव ठेव) किमान ०.२५ टक्के घ्यायचा, असे उपविधी सांगतात. जुन्या इमारतीत हा बांधकाम खर्च त्या काळचा असतो. आमच्याकडे तो फ्लॅटमागे सुमारे दोन लाख धरला आहे. म्हणजे दुरुस्तीसाठी वर्षाला १,५०० रुपये, महिन्याला १२५. एवढ्यात आज गच्चीचा कोबा तरी होतो का? ०.७५ टक्के ही किमान मर्यादा आहे, सर्वसाधारण सभा जास्त रक्कम ठरवू शकते, हे सांगणारे कोणी नसल्यामुळे मेंटेनन्स वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. मग एके दिवशी प्रत्येकाकडून एकदम लाख-सव्वा लाख मागायची वेळ येते आणि सभेत भांडणे होतात.

पेठांतल्या वाड्यांची स्थिती याहून अवघड. तिथे मालक म्हणतो, भाडे इतके कमी, दुरुस्ती कुठून करू? भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घर नीट राखणे ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊनही त्याने मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडे महिना दोनशे रुपये असेल तर वर्षाला वळते होणार सहाशे, त्यात वाड्याची एक तुळईही बदलत नाही. हा भाग कायद्यातच बदलायला हवा, असे माझे मत आहे.

हे केवळ आपसातल्या वादाचे प्रश्न नाहीत. २९ जून २०१९ च्या मध्यरात्री कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. पावसाळ्यापूर्वी आपल्या भिंतीला तडा आहे का, पाणी बाहेर जाण्याची भोके बुजली आहेत का, पॅरापेटमध्ये पिंपळाचे रोप उगवले आहे का, हे आपल्यापैकी किती जण पाहतात?

माझी महापालिकेकडे एकच मागणी आहे. मिळकतकराचे बिल प्रत्येक मिळकतीला जाते. कर आकारताना मिळकतीच्या अंदाजित वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट दिली जाते. पुण्यात ती अनेक वर्षे १५ टक्के होती. म्हणजे मालक दुरुस्तीवर खर्च करतो, हे कर आकारणीतच गृहीत धरलेले आहे. मग त्याच बिलासोबत, सोप्या मराठीत, एक पान का जोडू नये? रंग, गिलावा, फरशी बदलणे यांसारख्या कामांना बांधकाम परवानगी लागत नाही, पण कॉलम, बीम किंवा भारवाही भिंतीला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. ऑडिट कधी, कोणाकडून करायचे. गळती कोणाची, खर्च कोणाचा. आवारातले झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. क्षेत्रीय कार्यालयात कोणाला भेटायचे. बस, एवढेच.

मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरातील ४० टक्के सवलतीसाठी २०२३ मध्ये पीटी-३ अर्ज भरायचा होता, तेव्हा ही माहिती घराघरांत पोहोचली आणि लोक रांगा लावून अर्ज भरत होते. पैसे वाचतात तिथे माहिती पोहोचते, तर जीव वाचतो तिथेही ती पोहोचवता येईल.

नव्या वर्षाची बिले छापण्यापूर्वी याचा विचार व्हावा. मजकूर तयार करायला मदत लागली, तर आमच्या सोसायटीतले दोन निवृत्त अभियंते विनामोबदला बसायला तयार आहेत. मीही येईन.

आपला,
एक सोसायटी सचिव
सिंहगड रस्ता, पुणे