अर्थमंत्री मॅडम, पॅनेलवर 5 टक्के आणि ते बसवायला 18?

मा. निर्मला सीतारामन मॅडम,
स.न.वि.वि.

सप्टेंबर 2025 मध्ये सोलरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के केलात त्याबद्दल आधी थँक्यू, नुसत्या शिव्या घालायला पत्र लिहीत नाहीये. पण नंतर आमच्या रो हाऊससाठी 3 किलोवॅटचं कोटेशन मागवलं आणि शेवटच्या दोन ओळी बघून डोकंच फिरलं.

टॅक्स सोडून 1 लाख 80 हजार. यातले 70 टक्के माल धरायचा आणि 30 टक्के सर्व्हिस, असा तुमच्याच जीएसटीचा नियम. म्हणजे पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, वायर सगळं मिळून 1 लाख 26 हजार आणि त्यावर 5 टक्क्यांनी टॅक्स 6,300 रुपये. उरलेले 54 हजार सर्व्हिस, त्यावर 18 टक्के, म्हणजे 9,720. आता बोला! सोलर स्वस्त केलं म्हणून सगळीकडे बातम्या आणि इथे मालापेक्षा तो गच्चीवर चढवून नटबोल्ट आवळण्याचा टॅक्स जास्त. एकूण 16,020. पूर्वी हेच 24,840 झाले असते, म्हणजे फरक पडलाय, नाही असं नाही, पण पेपरात वाचून वाटलं होतं तेवढा नाही.

वर केंद्राच्या पीएम सूर्यघर या घरगुती सोलरच्या योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे (चांगली आहे, वादच नाही), पण टॅक्स लागतो पूर्ण किमतीवर आणि सबसिडी खात्यात येते नंतर, सगळं बसवून मीटर लागल्यावर. म्हणजे या हाताने 78 द्यायचे आणि त्या हाताने 16 काढून घ्यायचे. मग सरळ 62 हजार सबसिडी म्हणा ना!

आणि हेच पॅनेल एखाद्या कंपनीच्या शेडवर बसलं की वेगळाच हिशोब. त्यांना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं (म्हणजे तो त्यांनी पुढे भरायच्या जीएसटीतून वजा होतो), शिवाय इन्कम टॅक्समध्ये वर्षाला 40 टक्के डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, उत्पन्नातून वजा करता येतो, साध्या मशिनरीला 15 असताना. आमचे सीए म्हणाले, अरे पण त्यांचं वीजबिल वाचलं की नफा वाढतो आणि त्यावर टॅक्स लागतो, तुझं वाचलेलं बिल टॅक्स फ्री आहे. बरोबर आहे, मान्य. त्यांना देऊ नका असं मी म्हणतच नाहीये. पण मग इलेक्ट्रिक गाडीच्या लोनच्या व्याजावर दीड लाखापर्यंत सूट दिलीच होती ना तुम्ही इन्कम टॅक्सच्या 80ईईबी कलमामध्ये? गाडीला चालतं आणि गच्चीला नाही, हे काय गणित आहे? अर्थात आता निम्मं ऑफिस इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये गेलंय, तिथे असल्या वजावटी चालतच नाहीत, मग देऊन कुणाला काय मिळणार, त्यामुळे मी ती मागतच नाही.

मागणी एकच. घरगुती सोलर, 3 किलोवॅटपर्यंत, पूर्ण बिलावर सरसकट 5 टक्के. 70-30 ची भानगडच नको. माझ्या कोटेशनवर मग 9,000 टॅक्स होतो, म्हणजे 7 हजार वाचतात. तुम्हाला किरकोळ वाटेल, पण जो माणूस 2 किलोवॅट घेऊ की 3 यात अडकलाय त्याला विचारा. सोसायट्यांच्या कॉमन लाइट आणि लिफ्टसाठी बसवतात तेही यात धरा, फ्लॅटवाल्यांना स्वतःची गच्ची कुठली असणार.

आणि हे लवकर करा, कारण सूर्यघरची मुदत 2026-27 पर्यंतच आहे, त्यानंतर सवलत देऊन कुणाला फायदा? रेट जीएसटी कौन्सिल ठरवतं हे माहितीये मॅडम, पण अध्यक्ष तुम्हीच आहात, विषय तर मांडा. राज्यांपैकी कुणी नाही म्हणालं तर नाव सांगा, त्यांनाही एक पत्र टाकतो.

आपला,
नाशिकचा एक वीजग्राहक