आधी बँकेने ओळख पटवावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आता सांगलीत पानपट्टीवाल्यालाही पाठ आहे. अडचण त्याच्या आधी सुरू होते. आलेला फोन बँकेचाच आहे की नाही, हे खातेदाराने कशावरून ठरवायचे?

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होतो. हळद-बेदाण्याच्या विक्रीच्या पट्ट्या आणि उसाची बिले जमा होऊ लागली की शेतकऱ्याच्या खात्यावर वर्षाची कमाई एकदम पडते. अशा वेळी ‘केवायसी अपुरी आहे, संध्याकाळी खातं बंद होईल’ असा फोन आला की भलाभला माणूस गडबडतो. आणि गंमत अशी, की खऱ्या शाखेतूनही जवळपास असेच फोन येतात! आमच्या भागातल्या एका शाखेतले कर्मचारी स्वतःच्या मोबाईलवरून खातेदारांना सांगतात, ‘काका, केवायसी राहिलीय, आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका.’ हेतू चांगला, पोरगाही ओळखीचा. पण बँकेनेच ही सवय लावली, तर उद्या भामट्याने मागितल्यावर काका फोटो पाठवणारच. शिवाय फोन करणाराच वर विचारतो, ‘खात्रीसाठी जन्मतारीख सांगा.’ खात्री आमची! त्याची खात्री आम्ही कशी करायची, हे कोणी सांगत नाही.

२०१७ साली रिझर्व्ह बँकेने जबाबदारी ठरवून दिली. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. नियम म्हणून ठीक. पण फोन ओळखण्यात चूक झाली तर भुर्दंड ग्राहकाला, म्हणजे फोन ओळखता येईल असा करणे हे तरी बँकेचे काम असायला नको का?

तशी सोय झालेली आहे. बँकांनी व्यवहार आणि सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करावेत आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. पुढे ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६ आणि सहकारी व ग्रामीण बँकांना १ मार्च २०२६ अशी मुदत घातली. आपल्या जिल्ह्याचा बराच कारभार सहकारी बँकांवर चालतो, त्यामुळे ही दुसरी तारीख आपल्या कामाची. तरी किती खातेदारांना १६०० ची गोष्ट कुणी सांगितली आहे? शाखेत सोनेतारण कर्जाचे फलक भिंतभर असतात, याचा एक कागदही मला दिसला नाही.

तोवर आपण काय करायचे? साध्या दहा आकडी मोबाईलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असे कोणी म्हणाले, की फोन ठेवून द्यावा. यात उद्धटपणा नाही. मग पासबुकावरचा किंवा कार्डामागचा क्रमांक स्वतः दाबून विचारावे. गुगलवर कस्टमर केअर शोधू नये, तिथे भामट्यांनीही आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. ट्रूकॉलरवर बँकेचे नाव दिसले किंवा व्हॉट्सॲपच्या फोटोत बँकेचे चिन्ह असले, तरी तो पुरावा नव्हे. नाव आणि फोटो कुणालाही लावता येतो. फोन चालू असताना आलेली फाईल उघडू नये, स्क्रीन दाखवणारे ॲप घेऊ नये. १६०० वरून फोन आला तरी ओटीपी, पिन सांगायचा नाहीच. आणि पैसे गेलेच, तर सोमवारी शाखा उघडण्याची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत फिरतात.

बँकांकडे मागणे फार नाही. कर्मचाऱ्यांचे खासगी मोबाईलवरून खातेदारांना फोन करणे बंद करा, व्हॉट्सॲपवर कागद मागू नका, आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर शाखेच्या फोनचा शिक्का मारा. तो फोन कोणीतरी उचलला तर उत्तमच.

आपल्यालाही एक विनंती. जिल्ह्यातील बँकांकडून त्यांचे १६०० चे क्रमांक मागवून एका दिवशी एकत्र छापावेत. यार्डातल्या दुकानांत त्याची कात्रणे चिकटवायचे काम मी करतो.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, सांगली