तो स्वतः खेळतो का?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर जे सांगितलंस ते बाबांच्या कानावर अजून घातलेलं नाही. पूल, म्हणजे तुझा तो टेबलावर काठीने बॉल मारायचा खेळ, म्हटलं की त्यांना फक्त सिगरेटचा धूर दिसतो. पूल पार्लरमधल्या त्या गृहस्थांना तुझा हात आवडला, ‘माझ्याबरोबर चल, पैसे मी लावतो’ म्हणाले, आणि मला पटावं म्हणून तू ‘द कलर ऑफ मनी’ हा सिनेमा बघायला सांगितलंस. बघितला. त्याआधी १९६१चा ‘द हसलर’ही बघितला. पहिला भाग सोडून दुसरा बघणं मला जमत नाही.

बरं झालं बघितला ते. ‘हसलर’मध्ये एडी फेल्सन तरुण असतो, तुझ्यासारखाच हातात जादू असलेला, आणि बर्ट गॉर्डन नावाचा माणूस त्याच्यावर पैसे लावायला तयार होतो. बदल्यात जिंकलेल्या पैशांतले ७५ टक्के त्याचे! एडी आधी नाही म्हणतो. मग फसवलेली माणसं त्याचे अंगठे मोडतात, आणि तो त्याच अटीवर बर्टकडे जातो. त्याची किंमत काय पडते ते तू बघच, मी सांगत नाही. आता १९८६च्या ‘कलर ऑफ मनी’त ये. तोच एडी, तोच नट पॉल न्यूमन, पंचवीस वर्षांनी दारू विकतोय आणि दुसऱ्यांच्या खेळावर पैसे लावतोय. व्हिन्सेंट हा तरुण खेळाडू (टॉम क्रूझ) दिसल्यावर तो बर्टचीच भाषा बोलायला लागतो: हरलास तर माझे गेले, जिंकलास तर मोठा हिस्सा माझा. ज्याला लुटलं तोच लुटायला शिकला, आणि त्याला वाटतंय आपण पोराचं भलं करतोय. हे तुला सिनेमात दिसलं का? तू फक्त टॉम क्रूझचे शॉट बघितलेस असं मला वाटतं. (एक सोडून बाकी जवळजवळ सगळे त्याने स्वतः मारलेत म्हणे. मेहनत मानायलाच हवी.)

‘कलर ऑफ मनी’तला नऊ बॉलचा खेळ मला बाबांनी समजावला. टेबलावरचा सगळ्यांत लहान नंबरचा बॉल आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबर नियमात बसवून पडला की डाव संपला. म्हणजे समोरच्याने आठ बॉल घालवले तरी शेवटचा ज्याचा तो राजा. कॅरममध्ये क्वीन घेऊनही बोर्ड हातचा जातो तेव्हा तू किती चिडायचास! अशा खेळावर पैजा लागतात त्यात नवल नाही.

पण एडी त्या पोराला खेळ शिकवतच नाही. खेळ त्याला आधीच येतो. एडी शिकवतो ते हरायला. चार डाव सोड, बकरा गळाला लागू दे, मग पैज वाढव. व्हिन्सेंटला ते जमत नाही. तो क्यू, म्हणजे खेळायची काठी, तलवारीसारखी फिरवत नाचतो आणि दिसेल त्याला हरवतो. मला तो तिथेच सगळ्यांत आवडला. एडी मात्र वैतागतो, कारण आता सगळ्या गावाला कळलं की हा पोरगा किती भारी आहे. ज्याला तुझं चांगलं खेळणं अडचणीचं वाटतं, तो कसला गुरू?

व्हिन्सेंटच्या मैत्रिणीबद्दल, कार्मेनबद्दल, तू एक शब्दही बोलला नाहीस. तिच्या गळ्यातली साखळी व्हिन्सेंटच्या आईची, त्यांच्याच घरातून चोरलेली, आणि हा भाबडा म्हणतो माझ्या आईकडेही अशीच आहे. हसावं की रडावं कळेना. आई असल्यामुळे माझं लक्ष तिथे गेलं असेल.

पुढे अटलांटिक सिटीतल्या स्पर्धेत व्हिन्सेंट एडीशी हरतो, आणि नंतर खोलीवर येऊन पाकीट देतो: मुद्दाम हरलो, स्वतःविरुद्धच पैज लावली होती, हा तुमचा हिस्सा. एडीचा चेहरा बघ तेव्हा. न्यूमनला ऑस्कर मिळालं ते याच भूमिकेसाठी. लोक म्हणतात उशिरा मिळालं, ‘हसलर’लाच मिळायला हवं होतं. मलाही तसंच वाटतं, पण हा प्रसंग वेगळा आहे.

त्याआधी एक पोरसवदा खेळाडू एडीलाच बकरा बनवतो. त्यानंतर एडी व्हिन्सेंटला सोडून देतो, चष्मा करून घेतो आणि परत टेबलाशी उभा राहतो. तिथून पुढे मला तो माणूस पटला.

तेव्हा त्या गृहस्थांना विचार, ते स्वतः शेवटचं कधी खेळले? तुझ्यासमोर टेबलाशी उभे राहतात की खुर्चीत बसून बोटं दाखवतात? हिस्सा किती, हेही विचार, आणि आकडा मला कळव. पंचवीस वर्षं बँकेत काढली आहेत मी.

स्पर्धेत नाव घालायचं असेल तर प्रवेश फी मी भरते. क्यू जुनी झाली असेल तर तीही घेऊ. बाबांशी मी बोलेन, गणपतीला आलास की तूही बोल.

तुझी,
आई