स्क्रीन काळी पडली म्हणून फॉरमॅट नको

महोदय,

विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ‘जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाकून घ्या’ हा सल्ला जो तो देतो. पण एखाद्या सकाळी लोगो येऊन स्क्रीन काळी पडली तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही. मग लॅपटॉप दुरुस्तीला जातो आणि फोटो-कागदपत्रे गमावून, फॉरमॅट होऊन परत येतो. बरेचदा त्याची काही गरज नसते.

‘ग्रब’चा, म्हणजे उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणायला लॅपटॉप चालू करताच शिफ्ट दाबून धरा; यूईएफआयवाला (सुरू होण्याच्या नव्या पद्धतीचा) असेल तर एस्केप एकदाच. घाईने दोन-तीनदा दाबली तर मेनूऐवजी ‘ग्रब’चा नुसता प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची ओळ) येतो, तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर आणि लगेच पुन्हा एस्केप. मेनूतल्या पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल. तिच्या शेवटी असलेले ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडले की लोगोऐवजी कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) संदेश पळू लागतात आणि गाडी नेमकी कुठे अडते ते दिसते. संशय ग्राफिक्सवर असेल तर तिथेच ‘नोमोडसेट’, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून साधे चित्र दाखव अशी सूचना, लिहा (सगळे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग) आणि कंट्रोल-एक्स दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण डेस्कटॉप उघडेल आणि योग्य ड्रायव्हर टाकता येईल. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे चुकले तरी रीस्टार्ट केले की सगळे पूर्ववत. ‘नोमोडसेट’ कायमचे ठेवून देणारेही आहेत. ते मात्र करू नये, ग्राफिक्स कार्ड असून नसल्यासारखे होते.

दुसरा नेहमीचा घोटाळा ‘एफएसटॅब’चा, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलचा. त्यात नोंदवलेली जादा डिस्क काढून टाकली, तर सिस्टम दीड मिनिट तिची वाट पाहते आणि ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन बसते. त्या नोंदीच्या पर्यायांत आधीच ‘नोफेल’ घालून ठेवले की डिस्क नसली तरी काम अडत नाही.

आणखी एक. ग्रबमधल्या त्या ‘लिनक्स’च्या ओळीत ‘इनिट=/बिन/बॅश’ लिहिले तर पासवर्ड न विचारता रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, सगळे अधिकार हाती येतात. विसरलेला पासवर्ड बदलायला हे सोयीचे, पण चोरालाही तितकेच सोयीचे. लॅपटॉपमध्ये बँकेची कागदपत्रे राहणार असतील तर उबुंटू टाकतानाच डिस्क एन्क्रिप्शनचा (पासवर्डशिवाय डिस्क वाचता येऊ नये याचा) पर्याय निवडा. मागाहून तो लावणे फार किचकट पडते.

– एक वाचक, सातारा