डिकीतील फायबरचा बॉक्स आणि दुकानदारांची जबाबदारी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील अनेक हौशी तरुण रोजच्या वापरातील मोटारीच्या डिकीत सबवूफर (खर्जातला जड आवाज देणारा स्पीकर) बसवण्यासाठी फायबरग्लासचा बॉक्स घरीच घडवतात. मीही तो घडवला आहे. चाकाच्या कमानीलगतचा वाकडा कोपरा भरून काढणारा हा बॉक्स चौकोनी लाकडी पेटीपेक्षा कमी जागा अडवतो, स्टेपनीची वाट मोकळी ठेवतो आणि सामानालाही जागा उरते, म्हणून या कामाविषयी मला मनापासून आस्था आहे.

परंतु या कामासाठी रेझिन (काचतंतूंवर लावला की घट्ट होणारा चिकट द्रव) विकत घेताना दुकानदाराने मला कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचा द्रव) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) अशा दोन बाटल्या एकाच पिशवीत, एका शब्दाचीही सूचना न देता दिल्या. हे दोन द्रव थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि त्यानंतरच हार्डनर, साधारणपणे रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के, घालावा. रेझिनमधून स्टायरीन या रसायनाची अपायकारक वाफ निघते, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात दारे लावून, हे काम करणे घातक आहे. घासताना उडणाऱ्या काचतंतूंच्या धुळीला तोंडावर बांधलेला रुमाल पुरत नाही.

विक्रेत्यांनी या सूचना मराठी व कन्नड दोन्ही भाषांत छापून बाटलीसोबत द्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव