उरलेल्या कागदांची वही

॥ श्री ॥

ठाणे, कोलशेत
शनिवार, रात्री

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. चिमीला शाळेत 'आमचं घर' म्हणून चिकटवही करायची आहे, जुने फोटो मोबाइलवर पाठव, बाकी सामानाचा तयार संच मागवला आहे. एवढंच. पुढे 'बरी आहेस ना' सुद्धा नाही. मी तीनदा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. ठाण्याहून नेरूळ ते केवढं, आणि मी इथे चौदाव्या मजल्यावर बसून तुला पत्र लिहितेय. फोनवर मी नको ते बोलून जाते आणि तुझी लगेच मीटिंग निघते. कागदाचं तसं नाही, तो मधेच फोन ठेवत नाही.

आधी तो संच परत कर. एकतीस वर्षं कार्यानुभव शिकवलेल्या बाईच्या नातीने चिकट टिकल्या आणि छापील फुलं विकत आणायची? माझं शाळेचं सगळं उरलंसुरलं इथे आलंय. घोटीव कागद, मार्बल पेपर, पतंगी कागद, कार्डशीटच्या पट्ट्या, जुन्या ब्लाउजांच्या खणाचे तुकडे, बटणांचा डबा. दादा म्हणाला, 'आई, भाड्याच्या घरात हे कशाला?' बडबडला आणि स्वतःच उचलून वर आणलं. त्याची पाठ कशी आहे तुला माहीतच आहे.

त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाहीये. तसं ठरवूनच बसलेय.

वहीच्या पानांना दादाच्या लग्नाच्या पत्रिका घे. साठेक उरल्यात. बाबा म्हणाले होते, शंभर जास्त छापू, आयत्या वेळी कुणी राहायला नको. आणि जे राहायचे ते राहिलेच, नाशिकच्या आत्या अजून बोलून दाखवतात. कागद चांगला जाड आहे आणि मागची बाजू कोरी. छापील बाजू आत घेऊन दोन-दोन पत्रिका एकमेकींना चिकटवायच्या. गणपती आत जातो, जाऊ दे, नौपाड्याच्या घरातही देव आतल्याच खोलीत होते.

चिकटवायला खळ कर. दोन चमचे मैदा, पाऊण वाटी पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर चमच्याला धरेल इतपत. पूर्वी बांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. तू घालू नकोस, विष आहे ते, आणि चिमी अजून बोटं चाटते. (चाटते ना? की सुटलं? मे महिन्यापासून मी तिला पाहिलेलं नाही.) लागेल तेवढीच ताजी कर आणि पानं पंख्याखाली वर पाटा ठेवून दोन दिवस वाळू दे. या हवेत ओली वही मिटलीस की बुरशी आलीच म्हणून समज.

फोटोंना मात्र खळही नको आणि फेव्हिकॉलही नको. पत्रिकांची पाकिटं पडून आहेत, त्यांच्या दोन बोटं लांब, एक बोट रुंद पट्ट्या काप. वरचे दोन्ही कोपरे खालच्या कडेच्या मध्यावर दुमडले की त्रिकोणी टोपी होते, होडी करताना आधी होते ना, तशी. ती टोपी पानाला चिकटवायची आणि फोटोचा कोपरा तिच्यात अडकवायचा. म्हणजे कधीही काढून मागे काय लिहिलंय ते बघता येतं. सेलोटेप घरात असेल तर लपवून ठेव. तुझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोवर त्याचे पिवळे पट्टे अजून आहेत, टेप कधीच गळून गेली.

आणि दोन पानांच्या मधे शिवणीजवळ बोटभर पट्ट्या घाल, नाहीतर चार फोटो लावले की वही पोट सुटल्यासारखी फुगते.

काय गं, लगेच शाळा भरवली मी. रागावू नकोस. तुला हे सगळं येतं. तिसरीत असताना काडेपेट्यांचं कपाट करून त्याला बटणांच्या मुठी लावणारी मुलगी तू, माझ्या चाळीस जणांच्या वर्गात मी तेच दाखवत असे. तुला शिकवायचं म्हणून नाही लिहीत. लिहायला दुसरं काही सुचत नाही, आणि जे सुचतं ते लिहायचं नाहीये.

जुना मोठा आल्बम तुझ्याकडेच आहे ना? दादाच्या बारशानंतर घेतलेला, चिकट रेघांच्या पानांचा आणि वर प्लास्टिक. तेव्हा केवढी हौस होती! त्या चिकाने फोटो खराब होतात हे कुणाला ठाऊक. नखाने उचकटू नकोस. दातांत घालायचा दोरा मिळतो, बिनमेणाचा, तो कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे ओढ. नाही सुटला तर जबरदस्ती नको, पानासकट त्याचाच फोटो काढून घे. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. बाबांचा त्यांच्या आईबरोबरचा एकुलता एक फोटो मी हौसेने लॅमिनेट करून आणला होता, दोन पावसाळ्यांत आजीच्या गालावर फुगा आला. ते परत सोडवता येत नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला.

तुझं दहावीचं नाव छापून आलेलं कात्रण मी पाठवणार नाही, त्याची झेरॉक्स पाठवते. वर्तमानपत्राच्या कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचा अंश, उजेडाने पिवळं पडतं आणि कात्रण ज्याला चिकटून असेल त्यालाही डाग देतं. मूळ कात्रण माझ्याकडेच बरं. परवा लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

तसंच त्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांचं. एटीएमची चिठ्ठी, हॉटेलचं बिल, त्यांवर शाई नसतेच, उष्णतेने उमटलेलं असतं, वर्ष-दोन वर्षांत कोरं होतं. चिमीच्या पहिल्या सिनेमाचं तिकीट जपून ठेवलंयस ना, आधी त्याचीही झेरॉक्स काढ.

आता तुला फोटो सोडून काय-काय पाठवते ते सांगते. रेल्वेची जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटं आहेत सात. रंगायतनची दोन, बाबांनी लग्नानंतर पहिल्या महिन्यात नेलं होतं ती. नाटक काय होतं विचारशील तर आठवत नाही, मध्यंतरातला बटाटवडा आठवतो. कालनिर्णयची पानं आहेत. पाठीमागचे लेख नकोत, पुढच्या चौकटी बघ. दूध १ लि., दूध नाही, गॅस आला, 'मनू ताप १०२', 'मनू बरी', 'दादा सायकल पडला ३ टाके'. मी कधी रोजनिशी लिहिली नाही, पण ही घे, सगळी तारखेवार आहे. एकेक चौकट कापून फोटोखाली लाव, वेगळं काही लिहावं लागणार नाही. फोटोवर बॉलपेनने तर मुळीच लिहू नकोस, मागच्या दाबाने पुढे रेघ उठते.

पैठणीच्या काठाचा तुकडाही आहे, पण त्याच्या आणि फोटोच्या मधे बटरपेपर घाल. जर काळी पडते.

आणि एक पास आहे. सव्वीस जुलैचा.

तेव्हा तू तेरा वर्षांची, दादा सतरा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर पेपरात वाचलं. त्या रात्री एवढंच कळत होतं की गाड्या बंद आहेत, फोन लागत नाहीत आणि बाबा दादरच्या पुढे कुठेतरी आहेत. तू त्यांचं ताट झाकून ठेवलंस आणि स्वतः जेवली नाहीस. दादा छत्री घेऊन कोपरीच्या पुलापर्यंत तीनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा छत्री नव्हतीच हातात. तू टॉवेल आणलास आणि त्याचं डोकं पुसायला लागलीस, तो 'सोड गं' म्हणाला, पण मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाबा आले, कुर्ल्यापासून रुळांवरून चालत. तुम्ही दोघं रडताय आणि हे म्हणतात, '१८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हापासून ठाणेकर उभाच आहे, आज चालला एवढंच.' खिशातला पास काढला तर त्याचा लगदा. मी तव्यावर वाळवला होता. शाई पसरलीय, कडेला जळकट डाग आहे, नाव अर्धंच राहिलंय. तो चिकटवू नकोस. बटरपेपरचं पाकीट कर आणि त्यात ठेव.

तुला वाटलं असेल, पास कुठून आला? तो तर बाबांच्या पेटीत होता, आणि पेटी दादाने रद्दीत दिली.

मनू, पेटी द्यायला मी सांगितलं.

ठरवलं होतं की लिहायचं नाही, पण तीन दिवस हेच पत्र मनात लिहितेय आणि दर वेळी इथेच येऊन अडते. बाबा गेल्यापासून मी ती पेटी उघडलीच नव्हती. सामान बांधताना झाकण उचललं, तर आतून चंदेरी किडे चहूकडे पळाले. कसर. वह्यांची पानं चाळणीसारखी झालेली, आणि तो वास. दर पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवलं असतं तरी पुरलं असतं. माझ्याच्याने बघवेना. दादाला म्हटलं, ने, माझ्यासमोरून ने. तो म्हणाला, मनू दुपारी येतेय, तिला विचारू. मी म्हटलं, नको.

मग तू जिन्यात त्याला काय-काय बोललीस. 'तुला घराचे पैसे दिसतात, बाबा दिसत नाहीत.' वरच्या मजल्यावरचे लोक वाकून बघत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. मी बोलायला हवं होतं. मी हातातल्या भांड्याला वर्तमानपत्र गुंडाळत राहिले. तू चिमीला अर्ध्या जेवणावरून उठवून नेलंस तेव्हाही तेच करत होते.

तिकिटं, चौकटी, पास, हे सगळं त्याने रद्दीवाल्याला पेटी देण्याआधी हाताला येईल तसं वेचून प्लास्टिकच्या डब्यात घातलं होतं. मला गेल्या गुरुवारी दिलं. बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिकाच्या पुड्याही टाकल्यात आत, कुठून जमवल्या कोण जाणे. मी म्हटलं, मनूला सांग. म्हणाला, 'काय सांगू? आईने सांगितलं म्हणून दिली, असं?' तेव्हापासून मला झोप नाही.

म्हणजे तू फोन करावास म्हणून हे लिहिलं असं नाही. करावास असं वाटतं, पण ते तुझं तू बघ. दोघं मोठी झालात, मी मधे पडणार नाही. फक्त परवा त्याने विचारलं, मनूचा काही फोन? आणि मी हो म्हणून बसले. म्हणजे आता एक फोन तर झालेलाच आहे, दुसरा करायला काय हरकत आहे? असो. पुन्हा तेच करतेय मी. क्षमा कर.

डब्यात एक वहीपण आहे, अर्धी शिवलेली. जूनमध्ये बाबा तुमच्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून रफ वह्या शिवायचे, त्यातली. दादा पानं दाबून धरायचा, तू दाभणाने टोचायचीस. एकदा त्याच्या अंगठ्यात घुसवलंस आणि वर त्यालाच म्हणालीस, 'हलतोस कशाला?' ती वही असणार, कारण दुसऱ्या पानावर तपकिरी ठिपका आहे. तो माझ्या चहाचाही असू शकेल.

चिमीच्या वहीला मी तशीच शिवण घालायला बसले होते काल. मधल्या भोकातून सुरुवात, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधे येऊन गाठ. तीनच भोकं. पण पत्रिकांचा कागद जाड, एका हाताने धरावं तर पानं सरकतात, भोकं एका रेषेत येत नाहीत. सुनबाईला म्हटलं असतं, पण ती दिवसभर दमून येते. म्हणून पानं तशीच सुटी ठेवलीत, दोन लाकडी फळ्यांमधे, वर पाटा.

पुढच्या रविवारी दादा घरी आहे. मी त्याला काही सांगितलेलं नाही. हे पत्र मात्र तोच पोस्टात टाकेल, पाकीट बंद करून देते. तू आलीस तर येताना बटरपेपर आण, इथे जवळ मिळत नाही. चिमीला रेनकोट घाल, तुर्भ्याच्या पुढे फार झोडपतो. साबुदाणा भिजवून ठेवते. नाही आलात तर मी सकाळी एकटी खाईन, तसं काही नाही.

तुझी,
आई

ता. क. त्या तयार संचात नक्षीची कात्री असेल तर तेवढी ठेवून घे. माझी बोथट झालीय.